रंगाच्या मानानं जास्त उजळ

"आमच्या शेजारी एक भट्टीवाले काका राहायचे," टीव्हीच्या पडद्यावर केंद्राचे प्रमुख डॉ. विश्वंभर टिपणीस सांगत होते. ठरलेल्या जागी त्यांचा आवाज जरासा कापला. "फाउंड्रीत लोखंड वितळवायचे. हातात कसलं यंत्र नाही. नुसतं भट्टीच्या तोंडातून आत बघायचे आणि म्हणायचे, विशू, लाल दिसतंय तोवर थांबायचं, केशरी झालं की तयारीत राहायचं, पांढऱ्याकडं झुकलं की ओतायचं. मित्रहो, ताऱ्यांचं तापमान मी विद्यापीठात नाही शिकलो. त्या भट्टीपाशी शिकलो."

पडद्यावरच्या सभागृहात टाळ्या वाजल्या. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेमागे असलेल्या खगोल संशोधन केंद्राच्या कँटीनमध्ये हेमांगी खरातनं हातातला वडा परत ताटलीत ठेवला.

"खारट आहे का?" समोर बसलेल्या लतीफ मुजावरनं विचारलं.

"ते काका म्हणजे माझे वडील आहेत."

"आँ?"

"शिरोलीच्या फाउंड्रीत अख्खी नोकरी गेली त्यांची. मी इथं आले त्या वर्षी सरांना हे सांगितलं होतं. अण्णा 'हेमे' म्हणायचे, सरांनी 'विशू' केलं. बाकी शब्द न् शब्द तोच."

लतीफनं चहाचा घोट गिळला. "मग आता तुला त्यांना भाऊ म्हणावं लागणार. राखी घेऊन ठेव."

हेमांगी हसली नाही. एरवी लतीफच्या बोलण्यावर ती हसायचीच. तो मिरजेचा, ती कोल्हापूरची. केंद्रात आल्यापासून दोघं एकाच टेबलावर जेवत होती, आणि या टेबलाचं पुढं काय करायचं हे दोघांनीही अजून एकमेकांना विचारलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "टीव्हीवर तुझ्या सरांना बघितलं गं. त्यांच्या शेजारी पण माझ्यासारखाच एक भट्टीवाला होता म्हणं! काय योगायोग बघ. एकदा विचार की, कुठल्या फाउंड्रीत होता."

"विचारते," हेमांगी म्हणाली.

तिच्या मनातला राग त्या दिवशी जागेवर बसला. त्याआधी तो इकडंतिकडं फिरत असे.

*

तारा म्हणजे तापलेला वायूचा गोळा, आणि तापलेली वस्तू आपलं तापमान रंगातून सांगते. लाल तारे सगळ्यांत थंड, साधारण तीन हजार अंशांचे. नारिंगी त्याहून गरम, आपल्या सूर्यासारखे पिवळसर त्याहून, मग पांढरे, आणि निळे सगळ्यांत तापलेले, तीस हजारांच्या पुढचे. या पायऱ्यांना ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी अक्षरं आहेत. क्रम विचित्र वाटतो, कारण पूर्वी ही अक्षरं ताऱ्याच्या प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा किती ठळक आहेत त्यावरून लावली होती. पुढं लक्षात आलं की खरी शिडी तापमानाची आहे. तेव्हा काही अक्षरं गळली, उरलेली मागंपुढं झाली, पण जुनी नावं मात्र कुणी बदलली नाहीत.

पण रंगावरून सगळं कळत नाही. दोन तारे सारखेच लाल असतील. त्यातला एक सूर्यापेक्षा लहान असेल आणि दुसरा इतका फुगलेला, की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा गिळून टाकेल. म्हणून दुसरं माप लागतं, तेजाचं. अंतर माहीत असलं की ताऱ्याचं खरं तेज काढता येतं. आडव्या बाजूला रंग आणि उभ्या बाजूला तेज घेऊन आलेख काढला, की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यावर येऊन बसतात. त्या पट्ट्यावर प्रत्येक रंगाला आपलं ठरलेलं तेज आहे.

हेमांगीनं हजारो ताऱ्यांचे वर्णपट डोळ्यांनी बघून त्यांचे वर्ग लावले होते आणि त्यावर 'वर्णिका' नावाची प्रणाली शिकवून तयार केली होती. नव्या अवकाश-दुर्बिणींकडून रोज इतके तारे येत, की माणसांनी ते बघणं अशक्यच होतं. वर्णिका डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगे: के वर्ग, खुजा म्हणजे न फुगलेला, एवढं तापमान, एवढं तेज. तीन-चार वर्षांत जगभर वर्णिका चालू लागली. कुठल्याही वेधशाळेत वाद झाला तर कुणीतरी म्हणे, वर्णिकाला विचारा, आणि वाद मिटे. वर्णपट स्वतः उघडून बघायची सवय हळूहळू सुटली. हेमांगीची मात्र सुटली नव्हती.

तिनं वर्णिकाला आणखी एक गोष्ट शिकवली होती. एखादा तारा रंगाच्या मानानं जास्त उजळ निघाला, अगदी दुप्पट, तर थांबायचं आणि 'जोडी?' असं विचारायचं. कारण अगदी जवळजवळ असलेले दोन सारखे तारे लांबून एकच ठिपका दिसतात. रंग एकाचाच, तेज मात्र दोघांचं.

टिपणीस सरांनी ते बंद करून टाकलं होतं.

"यंत्रानं प्रश्न विचारायचे नसतात, हेमांगी," ते म्हणाले होते. "यंत्र निम्म्या वेगानं चालतंय तुझ्या या शंकांपायी. एक ठिपका, एक तारा. लोकांना उत्तर हवं असतं."

मग वर्णिकाला केशर सापडला. पन्नासएक प्रकाशवर्षांवरचा, के वर्गाचा, नारिंगी तारा. त्याच्यासमोरून ठरावीक काळानं काहीतरी सरकत होतं आणि उजेड किंचित कमी होत होता. म्हणजे ग्रह. उजेड जितका कमी होतो त्यावरून ग्रहाचा आकार निघतो. तो पृथ्वीपेक्षा थोडासाच मोठा निघाला, पाणी द्रवरूपात राहील अशा अंतरावर. सरांनी त्याचं नाव अवनी ठेवलं. शोधनिबंधावर नाव एकच होतं, सरांचं.

हेमांगी त्यांच्या खोलीत गेली होती. "सर, माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. विचार करूनच बाहेर ठेवलंय." त्यांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. आवाज अगदी मायेचा. "हे बघ, लोकांना एका शोधामागं एकच नाव लक्षात राहतं. दोन असली की दोन्ही विसरतात. आभारात आहेस तू. 'आणि इतर सहकारी.' तुझं वय काय, घाई काय?"

त्या दिवशीच टिपणीस सरांकडं बघताना तिला पहिल्यांदा वाटलं होतं, हा माणूस रंगाच्या मानानं जास्त उजळ आहे.

*

छत्री ही लतीफची. अवकाश-दुर्बिणीच्या पुढं हजारो किलोमीटर अंतरावर उडणारं, सूर्यफुलासारख्या पाकळ्यांचं, एका शेताएवढं पातळ पडद्याचं यान. ताऱ्याच्या झगझगाटात शेजारचा ग्रह दिसत नाही. छत्रीनं ताऱ्यावर बरोबर सावली धरली की तारा विझतो आणि मंद ग्रह दुर्बिणीला दिसू लागतो. पाकळ्यांची कडा केसाएवढीही वाकडी चालत नाही. लतीफनं त्या कडांवर आपली सगळी तरुण वर्षं घालवली होती.

छत्रीची अडचण इंधनाची. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर सावली न्यायची तर तिला अवकाशात लांबचा प्रवास करावा लागतो. टिपणीस सरांनी छत्रीच्या मोहिमेच्या समितीला पटवलं की पहिलाच वेध केशरचा घ्यायचा. केशर आकाशाच्या आडबाजूला होता. तिकडं छत्री नेली की टाकी जवळजवळ रिकामी. मग त्याच ताऱ्यापाशी थांबून अवनीकडं बघत राहायचं.

समितीचा निर्णय झाला त्याच आठवड्यात हेमांगीनं केशरचा वर्णपट उघडला. सहज नव्हे. सरांची काही तरी चूक सापडावी म्हणूनच उघडला.

केशर के वर्गाच्या पट्ट्यावर बसत नव्हता. तो पट्ट्याच्या वर तरंगत होता. दुप्पट उजळ.

तिनं ओळखीतून दुसऱ्या एका वेधशाळेत थोडा वेळ मिळवला आणि नवा वर्णपट घेतला. जुन्यात ज्या काळ्या रेषा बारीक होत्या, त्या आता जाड झाल्या होत्या. एखादं अक्षर पाण्यानं फुगावं तशा. जाड रेषेच्या मधोमध एक फिकट फट पडू लागली होती.

ती बराच वेळ बघत राहिली. मग सगळं जुळलं. केशर एक नाही, दोन आहेत. सारखे, एकमेकांभोवती फिरणारे, आणि त्यांची कक्षा आपल्याला कडेनं दिसते. वर्णिकानं नोंद घेतली तेव्हा एक तारा दुसऱ्याच्या जवळजवळ मागं होता. त्या वेळी दोघंही आपल्या दृष्टीला आडवे सरकत होते. एक जवळ येतोय, दुसरा लांब जातोय असं होत नव्हतं, म्हणून रेषाही एकमेकींवर बसल्या होत्या. आता ते बाजूला होऊ लागले होते. छत्री पोचेल तोवर पुरेसे लांब झालेले असतील. छत्रीची सावली एकाच ताऱ्याएवढी. ती एकाला झाकेल आणि दुसरा शेजारी ढळढळीत जळत राहील.

आणि अवनी? उजेडातला निम्मा वाटा दुसऱ्या ताऱ्याचा असेल, तर ग्रह आपल्या ताऱ्याचा उजेड दिसतो त्याच्या दुप्पट अडवतोय. म्हणजे तो मोठा आहे. खडकाचा नाही, वायूचा. उभं राहायला जमीनच नाही.

हेमांगीला उठून सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं, ती दारापर्यंत गेलीही. मग तिला पुढचं दिसलं. आज सांगितलं तर सर म्हणतील, उत्तम, विज्ञान असंच पुढं जातं. पत्रकार परिषद घेतील. 'आमच्या गटानं स्वतःची चूक स्वतः शोधली.' टाळ्या पडतील. भट्टीवाल्या काकांचं एखादं नवं वाक्यही निघेल.

ती परत खुर्चीत बसली आणि वर्णपट बंद केला.

*

छत्री वळवायचा हुकूम जायच्या आदल्या दिवशी लतीफ तिला जोडणीच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथं पाकळीचा एक नमुना उभा होता, दोन मजले उंच, काळा, टोकाला पात्यासारखा बारीक.

"हात लावू नको. लावलास तर तुझ्या बोटाचा ठसा मला स्वप्नात दिसेल."

"मग आणलंस कशाला?"

"विचारायचंय काहीतरी." तो पाकळीकडं बघत बोलत होता. "उद्या हुकूम दिला की संपलं. छत्री मागं वळत नाही. हे सगळे वर्णिका वर्णिका करतात. मला त्यातलं काय कळत नाही, मी पत्रेवाला माणूस. पण तू डोळ्यांनी बघतेस, हे मला माहीत आहे. तू बघितलायस ना केशर?"

"बघितलाय."

"कसा आहे? नीट आहे ना?"

बाहेर पवनचक्कीचं पातं वळत होतं आणि त्याची सावली हॉलच्या काचेवरून पुन्हा पुन्हा सरकत होती. हेमांगीला वाटलं, आता बोलले तर छत्री वाचेल. लतीफ वाचेल. आणि सरही वाचतील. तिघांना वेगळं करायचा काही मार्ग नव्हता. तिनं रात्ररात्र शोधला होता.

"रंग बरोबर आहे," ती म्हणाली. "तापमान बरोबर आहे."

लतीफनं सुस्कारा सोडला. "बास. तू म्हणालीस ना, मग माझं टेन्शन गेलं. छत्री उघडली की मिरजेला येशील? अम्मीला सांगून ठेवलंय मी, एक मुलगी येणार आहे, तारे ओळखते. ती म्हणाली, तारे राहू देत, चपात्या लाटते का विचार."

"नाही येत म्हणून सांग."

"सांगितलं. म्हणाली, मग तू लाट."

हेमांगी या वेळी हसली.

*

वेधाच्या दिवशी दुपारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्री होते, कॅमेरे होते, शाळांच्या सहली होत्या. टिपणीस सर मोरपंखी कुडत्यात. मोठ्या पडद्याच्या एका बाजूला केशर, नारिंगी ठिपका. दुसऱ्या बाजूला त्याच्या उजेडाचा आलेख, वरच्या अंगाला सरळ रेषेत चाललेला.

"आता छत्री ताऱ्यासमोर येईल," सर माईकवर म्हणाले, "रेषा तळाला जाईल, तारा विझेल, आणि माणूस पहिल्यांदा दुसऱ्या पृथ्वीचा उजेड बघेल. भट्टीवाले काका आज असते, तर—"

मागच्या रांगेत हेमांगीच्या मुठी वळल्या. अण्णा आज होते. घरी टीव्हीसमोर होते.

नियंत्रणाच्या टेबलाशी लतीफ उभा होता. "कड आली," तो म्हणाला. "सावली लागतेय."

रेषा खाली वळली. रेषा भरभर उतरली, उतरत गेली, आणि निम्म्यावर येऊन थांबली.

सगळे तळाकडं बघत होते. एकटी हेमांगी आधीपासून मध्यावर बघत होती.

"अजून सरकायची आहे का?" मंत्र्यांनी हळूच विचारलं.

"नाही," लतीफ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं दोनदा आकडे तपासले. "छत्री जागेवर आहे. सावली बरोबर पडलीय. पाकळ्या... पाकळ्या नीट आहेत."

पडद्यावर केशर जळत होता. पूर्वीच्याच जागी नव्हे, केसभर बाजूला. मागच्या बाकावर बसलेले खगोलशास्त्राचे एक प्राध्यापक ते पाहून मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे दोन आहेत!"

कुजबुज उठली आणि तिचा गलका झाला. कॅमेरे सरांकडं वळले. टिपणीस सरांनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना वाट सापडली होती. हेमांगीनं ते बघितलं. ती त्याचीच वाट पाहत होती.

"आपण प्रामाणिक असलं पाहिजे," ते म्हणाले. "वर्णिकाचं मूळ वर्गीकरण हे माझं नाही. ते सर्वस्वी आमच्या तरुण सहकारी हेमांगी खरात यांचं आहे. सर्वस्वी. त्यांना दोष देऊ नये अशी माझी विनंती आहे. त्या अजून शिकताहेत."

इतक्या वर्षांनी ते नाव माईकवरून उच्चारलं गेलं होतं. आडनावासकट.

हेमांगी चालत पुढं गेली. तिनं माईक त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी तो धरून ठेवायचा थोडा प्रयत्न केला, कॅमेऱ्यांकडं बघून सोडला.

"सर म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "वर्गीकरण माझं. वर्णिकाला मी 'जोडी?' विचारायलाही शिकवलं होतं. सरांनी ते बंद करायला लावलं. एक ठिपका, एक तारा, हा त्यांचा नियम. तो त्यांनी निबंधाच्या नावांनाही लावला. आणि ते भट्टीवाले काका आज आहेत. त्यांचं नाव शंकर खरात. ते माझे वडील. सरांनी आयुष्यात भट्टी बघितलेली नाही."

टिपणीस सरांचा चेहरा तिनं मन भरून पाहिला. आधी लाली आली, मग ती उतरत गेली, आणि शेवटी तिथं कुठलाच रंग उरला नाही. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की बरंच काही वाटेल. आनंदच वाटला. साधा, भुकेला अन्न मिळावं तसा.

"एक प्रश्न," पुढच्या रांगेतली एक पत्रकार उभी राहिली. "हे दोन तारे आहेत हे तुम्हाला कधी कळलं? आत्ता?"

हेमांगीला हा प्रश्न सुचलाच नव्हता. सरांचं सगळं उत्तर तिनं आधी ताडलं होतं. हे एवढं राहून गेलं होतं.

आत्ता, असं म्हटलं असतं तर ती शिकणारी पोर ठरली असती, जिची चूक सरांनी मोठ्या मनानं झाकली. सर सुटले असते. तिनं नियंत्रणाच्या टेबलाकडं पाहिलं. लतीफ तिच्याकडंच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दलचा अभिमान अजून होता.

टिपणीस सरही बघत होते. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांना वाटलं, ही सांगणार नाही.

"उन्हाळ्यात," हेमांगी म्हणाली. "छत्री वळायच्या आधी. माझ्याकडं त्या तारखेचा वर्णपट आहे. रेषा आज निम्म्यावर थांबणार, हे मला तेव्हाच माहीत होतं."

नंतरचे प्रश्न तिला नीट ऐकू आले नाहीत. सर बाजूच्या दारानं निघून गेले. त्यांच्या मागं कॅमेरे धावले. मंत्र्यांची गाडी निघाली. सहलीची मुलं रांगेत बाहेर पडली. टेबलापाशी लतीफ छत्री जागेवर स्थिर ठेवायचे हुकूम एकेक करून देत होता. ते काम दुसरं कुणीही करू शकलं असतं.

"किती इंधन उरलंय?" तिनं जवळ जाऊन विचारलं.

"स्थिर राहण्यापुरतं. दुसरा तारा नाही आता." त्यानं शेवटचा हुकूम दिला आणि खुर्ची सरळ करून ठेवली. "मी तुला विचारलं होतं, हेमा."

"मी खोटं बोलले नाही."

"नाही. रंग बरोबर, तापमान बरोबर." त्यानं आपला डबा पिशवीत घातला. "तेजाचं तू बोलली नाहीस. मी पण विचारलं नाही. मला वाटलं, ते त्यात आलंच."

"लतीफ, तेव्हाच सांगितलं असतं, तर सर त्यातून सुटले असते."

"सुटू द्यायचे होतेस की." तो ओरडला नाही. "छत्री त्यांची नव्हती."

तो गेला. दाराबाहेर त्याची पावलं जिन्यावरून खाली उतरत गेली. हेमांगीच्या खिशात फोन थरथरत होता, अण्णांचा असणार. तिनं तो काढला नाही.

पडदा बंद करायला कुणी उरलं नव्हतं. त्यावर केशर तसाच होता. रंग तोच. तापमान तेच. उजेड मात्र आता एकट्याचा.